आधी धरण, मग आराखडा

नदीचे खोरे हेच पाणीनियोजनाचे एकक, हे वाक्य आपल्याकडे कोणी नाकारत नाही. 1987, 2002 आणि 2012 या तिन्ही राष्ट्रीय जलनीतींत ते आहे. तरी गेल्या पाऊणशे वर्षांत खोऱ्याचा आराखडा आधी आणि धरण मागाहून, असे क्वचितच घडले. सुरुवात चांगली झाली होती. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवून 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. पूर, सिंचन, वीज आणि मृदसंधारण यांचा एकत्र विचार करणारे. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार धरणे 1953 ते 1959 या काळात उभी राहिली. पुराला आवर घालायला आखलेली बाकीची धरणे मात्र महामंडळाकडून झाली नाहीत, जमिनी पुरेशा संपादन न झाल्याने मैथन आणि पंचेतची पूर सामावण्याची क्षमताही अपुरी राहिली. पुढे महामंडळाची ओळख प्रामुख्याने औष्णिक विजेचा उत्पादक अशी झाली. खोऱ्याच्या नावाने सुरू झालेल्या संस्थेत जे विकता येते ते वाढले.

1956 हे वर्ष तर अधिकच बोलके आहे. त्या वर्षी संसदेने दोन कायदे केले. पहिला आंतरराज्य नदीजल तंट्यांचा, दुसरा नदी मंडळांचा. पहिल्याखाली कृष्णा, गोदावरी, नर्मदा, कावेरी असे लवाद बसत गेले. दुसऱ्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. राज्यघटनेत पाणी राज्यसूचीत आहे आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्रसूचीत, म्हणून खोऱ्याचे नियोजन आपल्याकडे शक्यच नाही, असे कारण नेहमी पुढे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. राज्ये एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत हे मान्य. पण जी खोरी वा उपखोरी एकाच राज्यात आहेत, तिथे तरी काय झाले? अडचण केवळ घटनेची असती, तर महाराष्ट्राला निदान ऊर्ध्व गोदावरी सांभाळता आली असती.

बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला कृष्णेचे 560 टीएमसी पाणी दिले आणि 2000 नंतर निवाड्याचा फेरविचार व्हायचा होता. तोवर आपला वाटा अडवलाच पाहिजे, या घाईत 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आले, पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा. यांतल्या तिघांच्या नावांत नदी आहे, पण काम कर्जरोखे काढून प्रकल्प बांधण्याचे. एकट्या गोदावरीचे खोरे दोन महामंडळांत विभागले गेले. याच सुमारास माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोग काम करत होता. 1999 च्या त्याच्या अहवालात उपखोऱ्यांनिहाय पाण्याचा विचार तपशिलाने होता, पण तोवर पैसे आणि कंत्राटे दुसऱ्या वाटेने निघून गेली होती.

2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने क्रम सुधारायचा प्रयत्न केला: आधी एकात्मिक राज्य जल आराखडा, मग त्याच्याशी जुळतील अशाच प्रकल्पांना मान्यता. मुख्य सचिवांच्या जल मंडळाने मसुदा करायचा, मुख्यमंत्र्यांच्या जल परिषदेने तो मंजूर करायचा. कायद्याने मुदती महिन्यांत मोजल्या होत्या; परिषदेची पहिली बैठक भरायलाच 2015 उजाडले. दरम्यान आराखडा नसताना प्रकल्प मंजूर होत राहिले. अखेर उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली तेव्हा कुठे नव्या मान्यतांना लगाम बसला आणि गोदावरीच्या आराखड्याला वेग आला.

तहानलेला माणूस आराखड्याची वाट पाहत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप माणुसकीचा आहे, म्हणून तो तपासून पाहायला हवा. गोदावरीवर पैठणला बांधलेल्या जायकवाडीची पायाभरणी 1965 ची, धरण 1976 चे. पैठणला येईल म्हणून जेवढा येवा गृहीत धरला, तेवढा पुढे प्रत्यक्षात मिळाला नाही, आणि वर नाशिक-नगरमध्ये साठे वाढत गेले. घाईने बांधले म्हणून तहान भागली नाही. ती फक्त खालच्या बाजूला सरकली. 2012 च्या दुष्काळात हे लपवणे अशक्य झाले. मग 2013 चा मेंढेगिरी समितीचा अहवाल आणि 2016 चा उच्च न्यायालयाचा निकाल यांतून नियम ठरला: खरिपातला वापर धरून 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांखाली असेल, तर वरून पाणी सोडायचे.

वरच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. दारणा 1916 चे, भंडारदरा 1926 चे. त्यांच्या लाभक्षेत्रातली वहिवाट जायकवाडीहून पन्नासेक वर्षांनी जुनी. पण हा युक्तिवाद खोरेनियोजनाच्या बाजूनेच जातो. कोणाचा हक्क किती आणि तुटीत कोणी किती सोसायचे, हे पैठणच्या पायाभरणीआधीच पक्के ठरले असते, तर ते पोलीस बंदोबस्तात सोडलेल्या आवर्तनांतून ठरवावे लागले नसते. शिवाय ऑक्टोबरचा तो हिशेब धरणांतल्या पाण्याचा आहे. राज्याच्या सिंचनाचा निम्म्याहून अधिक भार विहिरी वाहतात, आणि भूजलाचा कायदा 2009 चा, वेगळ्या खात्याचा. जायकवाडीच्या नाथसागरात किती टक्के साठा आहे हे दरवर्षी दशांशापर्यंत छापून येते. त्याच खोऱ्यात बोअरने किती पाणी उपसले, याचा आकडा त्या 65 टक्क्यांच्या हिशेबात कुठेच मांडलेला नसतो.