एनएलआर वापरताय? मग कट-ऑफ आधी ठरवा

सीबीसीचा रिपोर्ट तुम्ही पाहिला असेलच. त्यातल्या न्यूट्रोफिल्सना लिम्फोसाइट्सने भागलं की मिळतो एनएलआर. उदाहरणार्थ, 6000 भागिले 1500, म्हणजे 4. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये उपचारांआधी हा आकडा जास्त असेल, तर सर्व्हायव्हल सरासरीने कमी, असं अनेक अभ्यासांत दिसतं.

पण थांबा! दातातल्या संसर्गाने किंवा स्टेरॉइडनेही तो वाढतो. म्हणून रक्त कधी घेतलं, कोणती औषधं चालू होती, हे नोंदवाच. कट-ऑफही डेटा पाहून निवडू नका. सोयीचा आकडा शोधला की पी-व्हॅल्यू छानच दिसते. तो दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर टिकतो का, तपासा.

आणि एनएलआर फक्त धोका सुचवतो, कुठला उपचार लागू पडेल ते नाही. ही गल्लत झाली, तर चुकीचा उपचार रुग्णाच्या वाट्याला येतो.