पहिले अठ्ठावीस दिवस आणि घरातील वडीलधारी

घरात नातवंड आले की बाळंतिणीच्या खोलीचा कारभार बहुधा आजीकडे येतो. म्हणून हा मजकूर आपल्यासाठी.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली. या आरोग्यदूत घरी जाऊन वजन करीत, श्वास मोजीत, जंतुदोष ओळखून इंजेक्शनही देत. काही वर्षांतच तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभर आशाताई अशाच घरभेटी देतात. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी. ‘बाळ निजले आहे’ म्हणून त्यांना दारातून परतवू नये.

आपल्या काळी चिकाचे दूध पिळून टाकीत, मध-गुटी चाटवीत, जन्मताच आंघोळ घालीत. त्यात माया होती, शंकाच नाही. पण ते पहिले दूध बाळाला रोगांपासून जपते आणि त्या आंघोळीने अंग गार पडते. नाळेला तेल, हळद, राख लावू नये. कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरावे. ती थकली तर आजीनेही.

बाळ पिईनासे झाले, तळपाय थंड लागले, श्वास मिनिटाला ६० हून अधिक झाला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर अंगारे-उताऱ्यांत रात्र दवडू नये. शासकीय रुग्णालयात आजारी अर्भकावरील उपचार व वाहन मोफत असते. त्यासाठी १०२ क्रमांक फिरवावा. तो आणि आशाताईंचा क्रमांक दिनदर्शिकेजवळ, चश्म्याविना वाचता येईल एवढ्या अक्षरांत, आजच लिहून ठेवावा.