स्वमग्नता समजून घेताना (लेखांक ६) : आकडा का वाढला?

गेल्या आठवड्यात आपण लिओ कॅनर यांच्या स्वमग्नतेवरच्या (ऑटिझम) १९४३च्या निबंधातल्या अकरा मुलांपाशी थांबलो होतो. आज अमेरिकेत आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाची नोंद स्वमग्न म्हणून होते. २००० साली हे प्रमाण दीडशेत एक होतं. तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर 'साथ' हा शब्द वापरतात, तो याच आकड्यांच्या जोरावर.

पण ही मोजणी होते कशी? सीडीसी ही सरकारी संस्था त्यासाठी एकाही मुलाला तपासत नाही. ठरावीक भागांतल्या दवाखान्यांच्या आणि शाळांच्या नोंदी चाळल्या जातात. डॉक्टरांनी निदान लिहिलेलं असेल किंवा शाळेने त्या कारणासाठी विशेष शिक्षण लावलं असेल, तर ते मूल मोजलं जातं. २०२२च्या मोजणीत अशी १६ ठिकाणं होती. कॅलिफोर्नियातल्या ठिकाणी १९ मुलांत एक, तर टेक्सासमधल्या लारेडोत १०३ मुलांत एक! एकाच देशात, एकाच वर्षी पाचपटीहून जास्त फरक. कॅलिफोर्नियात लहान वयातच लक्षणं हेरण्यावर डॉक्टरांनी मेहनत घेतली आहे. लारेडोतल्या अनेक मुलांपर्यंत तपासणारं कुणी पोचलेलंच नाही. शिवाय १९९४ आणि २०१३मध्ये निदानाच्या व्याख्या बदलल्या, आणि पूर्वी नजरेतून सुटणाऱ्या मुली व कृष्णवर्णीय मुलं आता नोंदली जाऊ लागली. वाढीचा मोठा भाग इथे आहे. सगळा नाही, आईवडिलांचं वाढतं वय आणि फार अपुऱ्या दिवसांची बाळं जगू लागणं, यांचाही थोडा वाटा आहे.

लसीमुळे स्वमग्नता येते, हा मुद्दा आता खरं तर संपायला हवा. तो ज्यातून पसरला, तो ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८चा निबंध बारा मुलांवर होता, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१०मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला, त्यातही गोवरच्या लसीचा संबंध दिसला नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी स्वमग्नतेचा धोका सांगत गरोदर बायकांना टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, घेऊ नका असं सांगितलं. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वरवर थोडा संबंध दिसला होता. मग सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. तो संबंध नाहीसा झाला. उलट गरोदरपणात ताप अंगावर काढणं धोक्याचं असतं. आईला दोषी धरायची या विषयातली खोड जुनीच आहे. साठच्या दशकात मानसतज्ज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांनी आयांच्या थंडपणावर बोट ठेवलं होतं, त्याने किती बायका आतून खचल्या असतील! आता बोट गोळीकडे आहे, आणि मनाला लावून घेणारी आईच आहे.

या गदारोळात मोठी झालेली मुलं कुणाच्या ध्यानात नाहीत, याचा मला संताप येतो. अमेरिकेत विशेष शिक्षणाचा कायदेशीर हक्क साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पुढचा आधार बहुतांशी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेचा, आणि घरी राहून मदत मिळवण्यासाठी अनेक राज्यांत वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. जुलै २०२५मध्ये त्याच मेडिकेडच्या खर्चाला कात्री लावणारा कायदा झाला.

आपल्याकडे आकड्यांचा वाद नाही, कारण २०११च्या जनगणनेत स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. 'आमच्यानंतर याचं कोण करणार?' हा प्रश्न मात्र पालकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो. त्यावर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात एक तरतूद आहे, जी अनेक घरांना माहीतच नसते. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. ज्यांना त्याच्या वतीने निर्णय घ्यावे लागणार आहेत, त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमाकवच आहे, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. दोन्ही अर्ज कसे करायचे, ते पुढच्या आठवड्यात.