बोलणारा संगणक

आपण डोळ्यांनी वाचतो. ज्यांना दिसत नाही ते कसं वाचतात? एक रीत बोटांची. फ्रान्समधले लुई ब्रेल लहानपणीच अंध झाले. त्यांनी सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली निघालं.

दुसरी रीत कानांची. संगणकात एन.व्ही.डी.ए. नावाचा प्रोग्राम टाकतात. पडद्यावर लिहिलेलं तो मोठ्याने वाचतो, मराठीसुद्धा. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन व जेम्स तेह या दोन अंध मित्रांनी तो केला. काम २००६ साली सुरू झालं. तो फुकट मिळतो. माऊसचा बाण दिसत नाही, म्हणून सगळं काम कळांनी करतात. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. बोट फिरवून बघा. त्यावरून बाकीच्या कळा सापडतात.

धाराशिवला शिकणारा माझा चुलतभाऊ असाच वाचतो. त्याचा मोबाइलही बोलतो. पण गावात रेशनचा, ग्रामसभेचा निरोप कागदावर लिहितात आणि त्याचा फोटो पाठवतात. मोबाइल नुसता “फोटो” म्हणतो आन् गप्प बसतो. मग दादाला दुसऱ्याला विचारावं लागतं.

म्हणून पालकांना विनंती, निरोप टाइप करून पाठवा. टाइप येत नसेल तर बोलून पाठवा. आपलं हे भित्तिपत्रकही हाताने लिहिलेलं आहे. तेव्हा हा लेख मी दादाला टाइप करून पाठवणार आहे.

– इयत्ता चौथी