बोअर माझा, पाणी कुणाचे?

मार्च संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत रात्रीचा एक आवाज सुरू होतो. बोअरच्या गाडीचा आवाज. कळंब असो, वाशी असो की तुळजापूर, गाडी शेतात उभी राहिली की अर्धे गाव बघायला जमते. दोनशे फुटांवर नुसता धुरळा, तीनशेवर धुरळा, चारशेवर थोडी ओल. मालक म्हणतो, "आता एवढं आलोच आहे तर अजून शंभर जाऊ द्या." पाणी लागले तर पेढे, नाही लागले तर कर्ज. आणि लागले तरी गोष्ट तिथे संपत नाही. काही दिवसांनी शेजाऱ्याची मोटर पाण्याऐवजी हवा ओढू लागते. मग शेजारी काय करतो? तोही गाडी बोलावतो, आणि आणखी शंभर फूट खाली जातो.

इथे चूक कुणाची? पहिल्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने खोदले. दुसऱ्यानेही तेच केले. दोघांनीही चोरी केली नाही. तरीही गाव कोरडे पडले. माणसाचे स्वातंत्र्य मोठे की सगळ्यांचे हित, या प्रश्नावर गेली दोनशे वर्षे जगात मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले, क्रांत्या झाल्या, राज्ये उलथली. भांडवलशाही, साम्यवाद, जागतिकीकरण हे शब्द ऐकले की आपल्याला वाटते, हे दिल्ली-मुंबईच्या विद्वानांचे काम. पण हा प्रश्न आपल्या बांधावर उभा आहे. म्हणून तो बांधावरूनच समजून घेऊ या.

जमीन माझी, म्हणून पाणीही माझे?

आपल्याकडे ही समजूत इंग्रजांच्या काळापासून कायद्यात बसलेली आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढून वापरण्याचा हक्क मानला. विहिरी हाताने खणल्या जात आणि मोटेने पाणी उपसले जाई, तोवर त्यात फारसे बिघडत नव्हते. बैल दमले की उपसा थांबायचा. आता वीज आली, पाण्यातली मोटर आली, बोअरची गाडी आली. हक्क तोच राहिला, पण त्याची ताकद शेकडो पटींनी वाढली.

त्यात आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवरचा. खाली काळा बेसाल्ट दगड. हा दगड वाळूसारखा पाणी धरून ठेवत नाही. वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच आपले. या भेगा सातबारा बघून पडलेल्या नाहीत. माझ्या शेताखालची भेग तुमच्या विहिरीखालून आलेली असते. म्हणजे वर जमिनीला हद्द आहे, खाली पाण्याला नाही.

आणखी एक गंमत बघा. महाराष्ट्रात १९६१ साली जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. कोरडवाहू जमीन ५४ एकर आणि बारमाही ओलिताची १८ एकर, यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. जमिनीवर मर्यादा आली, पण पाण्याच्या उपशावर तशी मर्यादा आली नाही. चोपन्न एकरांच्या वर एक गुंठा ठेवला तर सरकार विचारणार, मात्र दोन एकरवाला चार बोअर पाडून अख्ख्या शिवाराचे पाणी ओढू शकतो.

कायदा अगदीच झाला नाही असेही नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी केली. नंतर २००९ चा भूजल कायदा आला. त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. पण गावात कोण कुणाची तक्रार करणार? रोज तोंड बघायचे असते, लग्नाकार्याला जायचे असते. शिवाय तक्रार करणाऱ्याचाही बोअर चारशे फुटांचा असतो!

शिकागोचा भाव आणि कळंबचा ऊस

मग शेतकरी एवढे खोल का जातो? हाव म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. इथे जागतिकीकरण येते.

आपल्या जिल्ह्याचे खरिपाचे मुख्य पीक आज सोयाबीन आहे. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, बाकी पेंड, जी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. सोयाबीन पिकवणारे जगातले सर्वांत मोठे देश ब्राझील, अमेरिका आणि अर्जेंटिना. भावाचा कल शिकागोच्या बाजारात ठरतो. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो: इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल, युक्रेन-रशियाचे सूर्यफूल तेल. म्हणजे आयात शुल्क किती ठेवायचे याचा निर्णय दिल्लीत झाला की त्याचा धक्का थेट आपल्या आडतीवर बसतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवीन माल आला आणि भाव खाली आले. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार-सव्वाचार हजारांच्या आसपास सोयाबीन विकावे लागले. त्या सप्टेंबरमध्ये कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले, आणि २०२५ च्या मे अखेरीस ते परत १० टक्क्यांवर आले. शहरातल्या गरिबाला तेल स्वस्त हवे, हे बरोबर आहे. पण त्या स्वस्ताईचे बिल कुणाच्या नावावर फाटते, हेही बघायला हवे.

अशा वेळी शेतकरी उसाकडे बघतो. उसाला रास्त व किफायतशीर दर सरकार ठरवते, कारखान्याची टोळी फडात येऊन ऊस तोडून नेते. बिल उशिरा मिळेल, पण भाव रातोरात निम्मा होणार नाही. फक्त उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, आणि आपल्याकडे पाऊस पडतो सातशेच्या आसपास. सोयाबीनला लागणाऱ्या पाण्याच्या चौपट. मग उरलेले पाणी कुठून येणार? जमिनीतून. म्हणजे शिकागोच्या अनिश्चिततेपासून सुटायला आपला माणूस खाली खोदत गेला. एकट्याने बघितले तर त्याचा हिशेब शहाणपणाचा आहे. सगळ्यांनी तोच हिशेब केला की गाव टँकरवर येते. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धाराशिव शहरालाही उजनी धरणातून पाणी आणावे लागते. हे आपण विसरलो तर नाही ना?

मग सगळे सरकारच्या ताब्यात द्यायचे का?

साम्यवाद म्हणतो, होय. जमीन, पाणी, कारखाने ही साधने कुणाच्या खासगी मालकीची नकोत, समाजाची असावीत. हा विचार आकाशातून पडला नाही. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जहागिऱ्या, वेठबिगारी, कुळांचे हाल इथल्या म्हाताऱ्यांनी पाहिले होते. त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात १९४६ ते १९५१ या काळात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झाला. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. कसणाऱ्याला जमीन मिळाली पाहिजे, हा प्रश्न लावून धरण्याचे श्रेय त्या चळवळीला द्यावेच लागेल.

पण सगळी सत्ता एका हातात गेली की काय होते, तेही पाहू. मध्य आशियातला अरल समुद्र एके काळी जगातले चौथे मोठे सरोवर होता. त्याला अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या पाणी देत. सोव्हिएत सरकारने ठरवले की उझबेकिस्तान-कझाकस्तानच्या वाळवंटात कापूस पिकवायचा. १९६० नंतर नद्यांचे पाणी कालव्यांनी वळवले गेले. तिथे कुणा शेतकऱ्याची हाव नव्हती, खासगी बोअर नव्हता, नफेखोर व्यापारी नव्हता. मॉस्कोहून कापसाचे आकडे येत आणि ते पुरे करायचे असत. समुद्र आटत गेला. मुयनाक नावाचे मासेमारीचे बंदर होते, तिथल्या बोटी आज वाळूत गंजत पडल्या आहेत. समुद्राच्या तळाचे मीठ वाऱ्याने उडून लोकांच्या छातीत गेले. कोळ्यांना दिसत होते की पाणी मागे हटतेय, पण "थांबा" म्हणायची त्यांना सोय नव्हती.

म्हणजे एकीकडे प्रत्येकाला मोकळीक होती आणि पाणी गेले. दुसरीकडे कुणालाच मोकळीक नव्हती, तरी पाणी गेले. दोन्हीकडे एकच गोष्ट हरवली होती. ज्याला तहान लागणार होती, त्याला निर्णयात आवाज नव्हता.

मधली वाट आपल्याकडेच आहे

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यात पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअर घ्यायलाच ग्रामसभेत बंदी केली, आणि पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. दोन्हीकडे जमीन ज्याची त्याचीच राहिली, पेरणीही त्याचीच. फक्त मर्यादा सगळ्यांनी मिळून ठरवली.

अर्थात, सामूहिक म्हटले की आपोआप चांगले होते असेही नाही. सहकार हा मधलाच मार्ग होता, तरी ढोकीचा तेरणा साखर कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला, हे आपण पाहिले आहे. सभासदाने सभेला जाऊन हिशेब मागणे सोडले की सहकार नावापुरता उरतो.

या बाबतीत आपल्या दीनची शिकवण अगदी सरळ आहे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्वांचा वाटा आहे, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले. खासगी मालमत्ता इस्लामने मान्य केली, तिला संरक्षण दिले. पण मदीनेत रूमा नावाची विहीर एका मालकाच्या ताब्यात होती आणि पाणी विकत घ्यावे लागे, तेव्हा ती जप्त झाली नाही. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती किंमत मोजून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. जहाजाचा दृष्टान्तही आपण अनेकदा ऐकतो. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी वर जायचा त्रास नको म्हणून आपल्याच हिश्शाच्या तळाला भोक पाडायला निघतात. त्यांचा हेतू वाईट नाही, जागाही त्यांचीच. पण वरच्यांनी त्यांचा हात धरला नाही तर दोघेही बुडतात. बोअरच्या गाडीसमोर उभे राहिल्यावर हा दृष्टान्त आठवतो की नाही?

आमचे म्हणणे एवढेच आहे. ग्रामीण भागातली आपली बरीच कुटुंबे भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत. कुणाकडे दोन-चार उस्मानाबादी शेळ्या, कुणाचे छोटे दुकान. त्यांचा बोअर नाही, पण टँकरच्या रांगेत पहिली घागर त्यांच्याच घरची असते. अशा माणसाने ग्रामसभेत गप्प बसून चालणार नाही. पाण्याचा ताळेबंद वाचून दाखवा, असे विचारण्याचा त्याला हक्क आहे. अटल भूजल योजनेत आपल्या जिल्ह्यातल्या गावांचे असे ताळेबंद तयार करायचे काम झाले आहे, ते कपाटात का राहावेत? ज्यांच्याकडे बोअर आहेत त्यांनी एक तरी नवा बोअर टाळून ते पैसे विहीर पुनर्भरणाला लावावेत. मशिदीच्या छताचे पाणी गटारात जाते की जमिनीत मुरते, हेही जमातीने एकदा पाहावे. आणि ऊस सोडायचा असेल तर सुरुवात मोठ्या फडापासून व्हावी. दोन एकरवाल्याला आधी उपदेश करणे हा न्याय नव्हे. सोयाबीन-तुरीला हमीभावाने खरेदी मिळाली तर तो स्वतःच बोअरची गाडी परत पाठवेल.

यंदाही मार्च येईल, गाडीचा आवाज येईल. त्याआधी एखाद्या संध्याकाळी पारावर, मशिदीच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलून घ्या. कारण तुमची भेग आणि त्याची भेग खाली एकच आहे.