कोंबड्या एकाएकी मरू लागल्या? आधी कळवा!



फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभराच्या आसपास कोंबड्या मेल्या. नमुने तपासले, तो बर्ड फ्लू निघाला. रोग पसरू नये म्हणून आसपासचे वीस हजारांहून जास्त पक्षी नष्ट करावे लागले.

अशा रोगावरची पाळत तुमच्या खुराड्यापासूनच सुरू होते. तुम्ही कळवलंत, तर डॉक्टर नमुने घेतात. ते पुण्याला आणि पक्क्या निदानासाठी भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. तुम्ही गप्प राहिलात, तर पुढची साखळी हलतच नाही.

लक्षणे अशी : एकाएकी मर होणे, तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे, अंडी एकदम घटणे. मानमोडीतही असेच दिसते. फरक प्रयोगशाळाच सांगू शकते. अंदाजावर राहू नका.

मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, उघड्या हाताने धरू नका. आजारी कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नका. रोग गावोगाव जाईल. शेडमध्ये बाहेरच्यांना येऊ देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीत त्याच दिवशी वर्दी द्या. २००९ च्या कायद्याने ते मालकाचे कर्तव्यच आहे.

भरपाई बुडेल, ही भीती नको. सरकार नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई देते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवण्यातच तोटा. आणि हा रोग माणसालाही होऊ शकतो, हे विसरू नका.