जाड तंगूस म्हणजे मजबूत तंगूस?

पाऊस ओसरला की चांदूर रेल्वेजवळच्या मालखेड तलावावर गरी टाकून बसावंसं वाटतंच. दुकानात गेल्यावर मात्र नवखा माणूस एकच गोष्ट विचारतो, सगळ्यात जाड तंगूस कोणता? गैरसमजाची सुरुवात तिथेच होते.

जाडीसोबत ताकद वाढते हे खरं, आणि ती झपाट्याने वाढते. ०.२० मिलिमीटरच्या तंगुसापेक्षा त्याच प्रतीचा ०.४० चा तंगूस साधारण चौपट ताण सोसतो. पण जाड तंगूस ताठ असतो. रिळावरून तो वेटोळी घेतच सुटतो, हलकं आमिष लांब जाऊ देत नाही. रोहू आणि मृगळ आमिष चाचपून, चोखून खातात, त्यांना ताठ दोरा खुपतो. त्यांच्यासाठी ०.२५ ते ०.३० पुरतो. मरळीचं गणित वेगळं. ती गवतात दबा धरते आणि लागली की पुन्हा गवतातच घुसते. तिथे ०.४० हवाच.

रिळावर '५ किलो' छापलेलं असतं, म्हणून त्याहून मोठा मासा त्यावर निघणारच नाही, हाही समज चुकीचा. तो आकडा सरळ ताणल्यावर तंगूस कधी तुटतो एवढंच सांगतो. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ जाणवत नाही. तंगूस तुटतो तो हिसक्याने, आणि बहुतेक वेळा गाठीपाशी. नुसती साधी गाठ मारली तर जवळपास निम्मी ताकद तिथेच जाते. कोरडी गाठ खसकन ओढली की नायलॉन घासून तापतो आणि कमजोर होतो. म्हणून गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, हळूहळू आवळावी आणि गरी पाण्यात टाकण्याआधी एकदा ओढून बघावी.

विणीव दोरा, म्हणजे ब्रेड, हा सगळ्यावर इलाज आहे असं हल्ली मानतात. तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा तो दुपटीहून जास्त ताण घेतो, गवतात कामाचाही आहे. पण तो जवळजवळ ताणला जात नाही, त्यामुळे हिसका थेट गरीवर येतो. बांधाच्या पिचिंगच्या दगडांवर घासला की तो लवकर कापला जातो. फ्लुरोकार्बन पाण्यात नायलॉनपेक्षा कमी दिसतो हे खरं आहे, पण पावसाळी गढूळ पाण्यात त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ फ्लाय फिशिंगच्या लाइनबद्दल आहे. ती रंगीत, जाड दिसते म्हणून लोक तिला मजबूत तंगूस समजतात. नेहमीच्या गरीत शिशाचं किंवा आमिषाचं वजन तंगुसाला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळाला बांधलेली पिसं आणि दोरा, तिला वजनच नाही. तिथे लाइनच वजनदार असते आणि ती फ्लायला नेते. म्हणून तिचा नंबर ताकदीचा नसतो, पहिल्या ३० फुटांच्या वजनाचा असतो. ५ नंबरची लाइन तेवढ्या लांबीत सुमारे ९ ग्रॅम भरते, ८ नंबरची साडेतेरा. रॉडवरही नंबर असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. मरळीसाठी मी ८ नंबरची, तरंगणारी आणि पुढच्या भागात जड असलेली लाइन सुचवेन. पुढे जोडलेला बारीक नायलॉनचा लीडर आधी तुटावा अशीच ही रचना असते.

तंगूस टिकाऊ आहे, एकदा घेतला की झालं, हाही भ्रमच. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो. दोन बोटांत धरून मीटरभर ओढा. खरखर लागली, किंवा साधी गाठ मारून हिसका देताच तुटला, तर तेवढा भाग काढून टाका. तो काठावर मात्र फेकू नका. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि तलावावर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत, चोचीत अडकतो. बारीक तुकडे करून बाटलीत भरा आणि घरी न्या. आणि तलावाचा मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल, तिला विचारल्याशिवाय गरी टाकू नका.